पिणे आणि पाजणे : अपुऱ्या दिवसांच्या अर्भकास दूध पिण्यास शिकविण्याची रुग्णालयीन रीत व खानदेशातील तिची भाषा

१. विषयप्रवेश

मराठीत ‘बसणे’पासून ‘बसविणे’, ‘हसणे’पासून ‘हसविणे’ अशी प्रयोजक रूपे नियमाने सिद्ध होतात. ‘पिणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप मात्र ‘पाजणे’ असे वेगळ्या वळणाचे आहे. ‘आई बाळाला दूध पाजते’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता आई होय. परंतु पिण्याची मूळ क्रिया करणारे बाळच असते. म्हणजे या एका क्रियापदात दोन कर्ते अंतर्भूत आहेत. एक पिणारा आणि दुसरा त्यास पिण्यास प्रवृत्त करणारा. यांपैकी पहिला नाहीसा झाला तर क्रियापदही बदलते. अर्भकाच्या जठरापर्यंत नळी घालून तीतून दूध सोडले, तर मराठी भाषक सहसा ‘पाजले’ असे म्हणत नाही. ‘नळीने दूध दिले’ अथवा ‘सोडले’ असे म्हणतो. ‘औषध बळेच पाजले’ असा प्रयोग होतो हे खरे. पण तेथे ‘बळेच’ हे क्रियाविशेषण जोडावे लागते, आणि गिळण्याचे काम तेथेही रोग्यासच करावे लागते.

व्याकरणातील हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या बालकाचे दिवस पुरे भरण्यापूर्वी जन्म झाला, त्याच्या बाबतीत दूध ‘देणे’ आणि दूध ‘पाजणे’ यांच्यामधले अंतर कधी काही दिवसांचे, कधी काही आठवड्यांचे असते. ते ओलांडण्याची घाई झाली तर दूध श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतू शकते. विनाकारण विलंब झाला तर आईचे दूध आटते आणि बालकाचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो. हे अंतर कसे ओलांडावयाचे याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील परिस्थिती व भाषा यांच्या अनुषंगाने तो येथे केला आहे.

वैद्यकातील हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास अगदीच परका नाही. अर्भकास भाषेचे कोणते भेद जाणवतात याचा शोध ज्या प्रयोगांनी घेतला, त्यांचे साधन अर्भकाचे चोखणे हेच होते. १९७१ मध्ये आयमास व त्याच्या सहकाऱ्यांनी एक व चार महिन्यांच्या बालकांच्या चोखण्याचा वेग मोजून त्यांना ‘ब’ व ‘प’ यांमधील भेद कळतो असे दाखविले. १९८० मध्ये डीकॅस्पर व फायफर यांना असे आढळले की, जन्मून तीन दिवसही न झालेले मूल आईचा आवाज ऐकावयास मिळावा म्हणून आपल्या चोखण्याची लय बदलते. ज्या क्रियेने भाषाभ्यासास एवढे साहाय्य केले, ती क्रियाच ज्यांना अद्याप साधत नाही अशा बालकांचा हा विचार आहे.

२. ‘दिवस भरणे’ म्हणजे काय

मराठीत गर्भारपणाचा काळ महिन्यांत मोजतात, पण त्याविषयीचे वाक्प्रचार दिवसांचे आहेत. ‘दिवस जाणे’, ‘दिवस भरणे’, ‘अपुऱ्या दिवसांचे मूल’ ही त्यांची उदाहरणे होत. वैद्यकशास्त्राने आठवडा हे परिमाण स्वीकारले आहे. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे. जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ते कमी, आणि १५०० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास अत्यंत कमी समजले जाते.

परिमाणातील हा फरक केवळ सोयीचा नाही. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही तो आढळतो. आठवड्यांच्या मोजणीने तो पूर्णपणे खोटा ठरतो. गर्भाशयात राहिलेला प्रत्येक आठवडा बालकाच्या पारड्यात पडतो, आणि दूध पिण्याच्या क्रियेइतका त्याचा स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

गर्भ गिळण्याची हालचाल पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच करू लागतो. चोखण्याच्या हालचाली त्यानंतर दिसू लागतात. तथापि चोखता येणे आणि गिळता येणे म्हणजे पिता येणे नव्हे. पिणे ही चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांची सांगड आहे. दूध जेथून अन्ननलिकेकडे जाते, त्याच चौकातून श्वासही जातो. अर्भक एकाच वेळी गिळू व श्वास घेऊ शकते असे पूर्वी मानीत; प्रत्यक्षात गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. पूर्ण दिवसांच्या मुलात हा क्रम सुमारे एक चोखणे, एक गिळणे, एक श्वास असा संथपणे चालतो. नुसते चोखताना त्याची गती सेकंदास सुमारे दोन असते. तोंडात दूध येऊ लागले की ती सुमारे एकावर येते. १९६८ मध्ये वुल्फ याने केलेली ही नोंद आजही प्रमाण मानली जाते. गती निम्म्यावर येण्याचे कारण उघड आहे: मधल्या अवकाशात गिळावयाचे असते व श्वासही घ्यावयाचा असतो.

अपुऱ्या दिवसांच्या मुलात ही सांगडच अपुरी असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यापूर्वी चोखण्याचा खरा प्रयत्न दिसत नाही, आणि आतड्यांची दूध पुढे ढकलण्याची गतीही आलेली नसते. अठ्ठाविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंत चोखण्याचे तुटक झटके येतात. परंतु त्यांचा गिळण्याशी व श्वासाशी मेळ नसतो. बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान तो मेळ बसू लागतो. चौतिसाव्या आठवड्यानंतर बहुतेक मुलांना स्तनावर पिता येऊ लागते. येथे गर्भवय व जन्मानंतरचे वय यांची बेरीज धरावयाची असते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले मूल तीन आठवड्यांचे झाले म्हणजे ते पिण्याच्या दृष्टीने तेहेतीस आठवड्यांचे होय. अर्थात हे टप्पे सरासरीचे आहेत. श्वासाचा विकार झालेले मूल मागे राहते, आणि एखादे सशक्त मूल पुढेही जाते.

३. नळीपासून स्तनापर्यंत

जिल्ह्याच्या ठिकाणी आजारी व कमी वजनाच्या नवजात अर्भकांसाठी विशेष कक्ष असावेत, अशी व्यवस्था राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात देशभर उभी राहिली. त्यांच्या कार्यपद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जळगावच्या जिल्हा रुग्णालयास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांतून, तसेच साक्रीच्या पश्चिम भागातून गंभीर अवस्थेतील अर्भकास याच दोन शहरांकडे आणावे लागते. या कक्षांतील पद्धतीचे सूत्र असे की, मूल ज्या टप्प्यावर आहे त्या टप्प्याची रीत त्यास लावावी, आणि त्यास पुढच्या टप्प्याकडे हळूहळू न्यावे.

पहिल्या टप्प्यात दूध नळीने दिले जाते. ही कल्पना नवी नाही. पॅरिसमध्ये तार्निए व त्याचा शिष्य ब्यूदँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऊब, नळीने दूध आणि आईचे सान्निध्य या तीन गोष्टींवर अशा मुलांची शुश्रूषा उभारली. ब्यूदँची या विषयावरील व्याख्याने १९०० मध्ये ग्रंथरूपाने आली. नळीने द्यावयाचे दूध शक्यतो आईचेच असते. पहिल्या दिवसांतील घट्ट, पिवळसर दुधास मराठीत ‘चीक’ म्हणतात. गाईचा चीक खरवसासाठी आवडीने जपावयाचा आणि आईचा चीक मात्र बाळास बाधेल म्हणून काढून टाकावयाचा, ही विसंगती अनेक घरांतून चालत आली आहे. वस्तुतः त्या चिकात रोगप्रतिबंधक द्रव्ये विपुल असतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांना होणाऱ्या आतड्यांच्या घातक दाहापासून आईच्या दुधाने मोठे संरक्षण मिळते. म्हणून नळी चालू असतानाही चिकाचे थेंब बालकाच्या ओठांस व गालाच्या आतील बाजूस लावतात. पोषण म्हणून ते नगण्य, परंतु तोंडास चवीची पहिली ओळख त्यानेच होते.

मातेच्या दृष्टीने हा टप्पा अत्यंत कसोटीचा असतो. मूल पीत नसले तरी प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध हाताने काढण्यास आरंभ करावा लागतो, आणि दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा ते काढावे लागते. जे काढले जात नाही ते पुढे तयार होत नाही. आरंभी वाटीत काही थेंबच पडतात, आणि ‘दूधच येत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. १२०० ग्रॅम वजनाच्या मुलास आरंभी दर किलोस सुमारे ८० मिलिलिटर या प्रमाणात दिवसाचे ९६ मिलिलिटर दूध लागते. दर दोन तासांनी द्यावयाचे म्हणजे एका वेळेस ८ मिलिलिटर. हे दोन लहान चमच्यांहूनही कमी आहे. पुढे क्रमाने वाढवून दर किलोस १५० ते १८० मिलिलिटरपर्यंत नेले, तरी त्या मुलाची एका वेळची गरज १५ ते १८ मिलिलिटरच भरते. हा आकडा कळला म्हणजे वाटीतील थोडे दूध थोडे वाटत नाही.

दुसऱ्या टप्प्यात, नळीने दूध चालू असतानाच, मुलास आईच्या दूध काढून घेतलेल्या स्तनाशी धरतात. त्यास चोखण्याचा सराव होतो, पण एकदम फार दूध येऊन ठसका लागण्याचे भय नसते. याच काळात मुलास आईच्या उघड्या छातीशी, त्वचेस त्वचा लावून तासन् तास ठेवण्याची रीत अवलंबिली जाते. १९७८ मध्ये बोगोटा येथे एदगार रेइ याने पेट्यांच्या टंचाईमुळे ती सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, एक ते १.८ किलो वजनाच्या मुलांना जन्मानंतर लगेच अशा रीतीने ठेवल्यास मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात असे दिसले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मापासूनच तिची शिफारस केली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याच्या गार होणाऱ्या खानदेशात आईच्या अंगाची सम ऊब हे कोणत्याही यंत्राहून हाताशी असलेले साधन आहे. शिवाय स्तनाजवळ असलेले मूल आपोआपच तोंडाने शोध घेऊ लागते.

तिसऱ्या टप्प्यात तोंडाने दूध पाजण्यास आरंभ होतो, आणि येथेच भांड्याचा प्रश्न उपस्थित होतो.

४. बाटली, वाटी-चमचा आणि बोंडले

पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांचे मूल बहुधा बाटलीवर पिण्यास शिकते. तेथे मुलास कुशीवर निजवून, मंद धारेचे बूच वापरून आणि मधूनमधून बाटली खाली करून श्वासास अवसर देण्याचे तंत्र परिचारिकांस शिकविले जाते. भारतात मात्र वाटी-चमचा अथवा चोचीचे लहान भांडे यांस प्राधान्य दिले जाते. या भांड्यास रुग्णालयांत ‘पालाडाई’ म्हणतात. शब्द तमिळ आहे. त्यातील ‘पाल’ म्हणजे दूध. दक्षिणेतील घरांत पिढ्यान् पिढ्या वापरले जाणारे हे भांडे आज मार्गदर्शक पुस्तिकांतून देशभर पोहोचले आहे.

महाराष्ट्रातील वाचकास येथे ‘बोंडले’ आठवल्यावाचून राहणार नाही. तान्ह्यास दूध वा औषध पाजण्याचे चोचीचे लहानसे भांडे, पितळेचे किंवा ऐपतीप्रमाणे चांदीचे, मराठी घरांत पूर्वापार होते. तत्त्वतः बोंडले व पालाडाई ही एकाच जातीची भांडी होत. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. चोच उघडी व रुंद असली तर भांडे साबणाने घासता येते व उकळता येते. ती नळीसारखी बंद असली तर आत राहिलेले दूध नासते आणि जुलाबास आमंत्रण देते. बाटलीविषयीचा मुख्य आक्षेपही नेमका हाच आहे. बाटली व बूच प्रत्येक वेळी निर्जंतुक करणे, पाणी व इंधन यांची जेथे ओढाताण असते अशा घरात दुष्कर होते. दुसरा आक्षेप असा की, बुचावर तोंडाची हालचाल स्तनावरील हालचालीहून निराळी होते आणि दूध अधिक सहज येते. त्यामुळे काही मुले पुढे स्तन नीट धरीत नाहीत.

येथे पुरावा एकतर्फी नाही, हे सांगितले पाहिजे. भारतातील १९९९ च्या एका अभ्यासात पालाडाईने मुले कमी वेळात अधिक दूध पितात व शांत राहतात असे आढळले. उलट इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात तिने वेळ अधिक लागतो, दूध अधिक सांडते आणि मुलास ताणही अधिक पडतो असे दिसले. कदाचित भांड्याइतकेच ते धरणाऱ्या हाताच्या सवयीसही महत्त्व असावे. ऑस्ट्रेलियातील २००४ च्या प्रयोगात पेल्याने पाजलेल्या मुलांपैकी अधिक मुले घरी जाताना पूर्णतः स्तनावर पीत होती, परंतु त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सुमारे दहा दिवसांनी लांबला. म्हणजे प्रत्येक रीतीची काही किंमत आहे. ती कोठे परवडते हे परिस्थितीवर अवलंबून राहील. ज्या घरात परतल्यावर स्वच्छ बाटलीची शाश्वती नाही, तेथे बाटलीवर शिकून जाणे ही जोखीम मोठी आहे. भारत सरकारने १९९२ मध्ये केलेल्या आणि २००३ मध्ये अधिक कडक केलेल्या कायद्याने दुधाच्या भुकटीप्रमाणेच पाजण्याच्या बाटल्यांच्याही जाहिरातीस मनाई केली आहे. विक्रीस मात्र मनाई नाही. म्हणून समजूत घालण्याचे काम कायद्यावर सोपविता येत नाही.

५. बालकाची खूण

पालाडाईने पाजण्याची रीत वरवर सोपी आहे. मुलास मांडीवर अर्धवट बसते करावयाचे, डोके व मान हाताने नीट आधारावयाची, भांडे काठोकाठ न भरता त्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी टेकवावयाची आणि थोडे कलते करावयाचे. दूध तोंडात थोडेच यावे. ते गिळून झाल्यावरच पुढचे द्यावे. सारे मर्म ‘ओतू नये’ या दोन शब्दांत आहे. येथे पहिल्या परिच्छेदातील व्याकरण पुन्हा समोर येते: भांडे कलते करणारा दूध ‘देतो’; ते ‘पाजणे’ ठरावयाचे की ‘ओतणे’, हे बालक ठरविते.

म्हणून पाजणाऱ्याने बालकाच्या खुणा वाचावयास शिकले पाहिजे. जागे असणे, हात तोंडाकडे नेणे, ओठांची हालचाल, गालास स्पर्श होताच त्या बाजूस तोंड वळविणे या सिद्धतेच्या खुणा होत. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. रडून थकलेले अपुऱ्या दिवसांचे मूल पिण्याऐवजी झोपी जाते. याच्या उलट बोटे ताणून पसरणे, कपाळास आठ्या पडणे, तोंड फिरविणे, ओठांच्या कडेने दूध गळू लागणे या खुणा ‘थांबा’ असे सांगतात. ओठ निळसर होणे, श्वास थांबणे किंवा अंग एकाएकी सैल पडणे या धोक्याच्या खुणा होत. त्या दिसताच भांडे बाजूस करून परिचारिकेस हाक मारावयाची. मूल सुस्त असल्यास तळपायास किंवा कानाच्या मागे हळुवार स्पर्श करून पाहावे. तरीही ते गिळत नसेल तर हट्ट न धरता उरलेले दूध नळीनेच द्यावे. यात अपयश नाही. पिणे हे त्या मुलास श्रमाचे काम आहे. अर्ध्या तासाहून अधिक वेळ चालविले तर दुधाने मिळणारी शक्ती पिण्यातच खर्च होते.

प्रगतीचे माप वजन हे होय. पहिल्या आठवड्यात वजन काहीसे घटते. सुमारे दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत यावे आणि पुढे दर किलोमागे दिवसास १५ ते २० ग्रॅम वाढावे, अशी अपेक्षा असते. अंगावर सांडलेले दूध पोटात गेले नाही, हे साधे सत्य मोजणीत विसरले जाऊ नये.

या शिकवणीत आईच्या आवाजाचेही स्थान आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या मुलांना एक विशेष चोखणी देण्यात आली. मूल नीट जोराने चोखील तेव्हाच आईच्या आवाजातील अंगाईगीत ऐकू येई, थांबल्यास तेही थांबे. रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे पाच दिवस हा क्रम चालला, आणि त्या मुलांची नळी इतरांपेक्षा लवकर सुटली. याकॉबसनने १९५९ च्या सुमारास लिहिलेल्या निबंधात ‘मामा’सारख्या शब्दांचे मूळ स्तनपानाच्या वेळी मिटल्या ओठांनी निघणाऱ्या अनुनासिक गुंजनात असावे असा तर्क केला होता. खानदेशातील ‘माय’ हा शब्दही त्याच ओष्ठ्य अनुनासिकाने सुरू होतो. तो तर्क तर्कच राहो. पण जीभ, ओठ, मृदू तालू व कंठ ही वाणीची इंद्रिये आपला पहिला शिस्तबद्ध सराव दूध पिण्यातच करतात, यात शंका नाही.

६. सूचनेची भाषा

आतापर्यंतचे सारे ज्ञान मातेपर्यंत शब्दांनीच पोहोचवावयाचे असते, आणि खानदेशात हा प्रश्न सरळ नाही. धुळे व पश्चिम जळगाव भागात अहिराणी, पूर्व जळगावात लेवा समाजाची बोली, सातपुड्यात पावरी व भिल्लीचे अन्य प्रकार अशी येथील भाषिक रचना आहे. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी भिल्ली भाषांच्या शेजारी केली. ती मराठीची बोली मानावी की स्वतंत्र, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणणाऱ्या मातेस प्रमाण मराठी समजते. परंतु समजणे आणि धीटपणे प्रश्न विचारता येणे यांत अंतर आहे. पावरी बोलणाऱ्या मातेच्या बाबतीत तर समजण्याचीही खात्री नसते. मान डोलावणे हे आकलनाचे प्रमाण मानणे, हा भाषेचा अभ्यासक सहसा करणार नाही असा प्रमाद होय.

त्यातही काही शब्द विशेष फसवे आहेत. ‘स्तनपान’ हा शब्द भिंतीवरील फलकात शोभतो; घरातला शब्द ‘अंगावर पाजणे’ हा आहे. आईव्यतिरिक्तच्या दुधास मराठीत ‘वरचे दूध’ म्हणतात. आता आईचे काढलेले दूध वाटीतून दिले तर त्यास काय म्हणावयाचे? ते अंगावर पाजलेले नाही, म्हणून घरातील वडीलधारी बाई त्यास ‘वरचे’ समजण्याचा संभव असतो. आणि एकदा ‘वरचे’ चालू झाले असे मानले की गाईचे किंवा भुकटीचे दूधही त्याच रांगेत येऊन बसते. ‘बाटलीचे दूध’ या प्रयोगातही भांडे व दूध यांची अशीच गल्लत आहे. यास्तव ‘आईचेच दूध, फक्त वाटीतून’ असे दोन्ही अंगे वेगळी करून सांगणारे शब्द वापरणे हितावह ठरेल. त्याचप्रमाणे ‘मुलाच्या श्वसनाकडे लक्ष द्या’ यापेक्षा ‘ओठ निळे पडतात का पाहा’ हे वाक्य कोणत्याही बोलीत अधिक सहज उतरते, कारण त्यात डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सांगून न थांबता मातेकडून करवून घेणे, आणि तिने तिच्याच बोलीत ते दुसऱ्या मातेस समजावून देणे.

७. उपसंहार

बालक तोंडाने पुरेसे पिऊ लागले, त्याचे वजन काही दिवस सतत वाढत राहिले आणि अंग पेटीबाहेर उबदार राहू लागले, म्हणजे ते घरी जाते. परंतु शिक्षण तेथे संपत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून एकोणचाळीस गावांत गावातीलच स्त्रियांस नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या बेचाळीस दिवसांपर्यंत ज्या गृहभेटी देतात, त्यांच्यामागे हा अनुभव आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. ज्या मातांस आरंभी दूध पुरत नाही त्यांच्या मुलांस तिने दुसऱ्या मातांच्या दुधाचा आधार दिला. महाराष्ट्रातील हे दोन्ही प्रयत्न एकच गोष्ट सांगतात: अशा बालकाचे जगणे केवळ यंत्रांवर अवलंबून नसते, तर माणसांनी परस्परांस काय व कसे शिकविले यावरही अवलंबून असते.

खानदेशातील कुटुंबांना या शिकवणीसाठी मोठी किंमत मोजावी लागते. शेतमजुरी बुडवून, घरची लहान मुले नातलगांच्या हवाली करून माता आठवडेच्या आठवडे जिल्ह्याच्या गावी राहते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास तर मोसमच गमवावा लागतो. एवढे देऊन ती जी विद्या घरी नेते, ती तिच्या बोलीत, तिच्या भांड्यांत आणि तिच्या हातांत बसणारी असली पाहिजे. नळीने दूध देणे हे रुग्णालयाचे काम आहे. पाजणे हे आईचे, आणि पिणे हे बालकाचे. ज्या दिवशी ते बालक आईच्या अंगाशी एक चोखणे, एक गिळणे, एक श्वास असा आपला ठेका धरते, त्या दिवशी ‘पाजणे’ या क्रियापदाचे दोन्ही कर्ते आपापल्या जागी आलेले असतात.